सुई टोचताना आईवडिलांनी जवळ थांबावे का?

प्रश्न : माझ्या पाच वर्षांच्या मुलीला थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे नियमित रक्त चढवावे लागते. सुई लावताना आम्हाला बाहेर काढतात. हे योग्य आहे का?

उत्तर : माझ्या मते नाही. पालक दिसले की मूल जास्त रडते, हा समज जुना आहे. रुग्णालयातील मुलांच्या हिताचा विचार करणाऱ्या ब्रिटनमधील प्लॅट समितीने १९५९ मध्येच पालकांनी तेथे मुलांना भेटण्यावरील बंधने सैल करण्याची शिफारस केली होती. वॉर्डच्या सिस्टर इन्चार्जना आधीच भेटून तिला मांडीवर घेऊन बसण्याची परवानगी मागा आणि त्वचा बधिर करणारे मलम लावता येईल का, हेही विचारा, कारण त्याचा परिणाम होण्यास साधारण तासभर लागतो. ‘दुखणार नाही’ असे मात्र सांगू नये, कारण एकदा फसलेले मूल पुढच्या वेळी कोणावरच विश्वास ठेवत नाही. घरी भावंड असल्यास, हा आजार संसर्गजन्य नाही, हे त्यालाही समजावून सांगावे.