एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी चाचणी) नॉर्मल आलं तरी मुलाची फॅक्टर आठची (रक्त गोठवणाऱ्या एका प्रथिनाची) चाचणी करावी का? ती मोजण्याच्या दोन पद्धतींपैकी कुठली, वन-स्टेज की क्रोमोजेनिक?

दात काढल्यावर दुसऱ्या दिवशीही रक्त झिरपत होतं असं तुम्ही लिहिलंय. मग करायलाच हवी. एपीटीटी नॉर्मल म्हणून विषय मिटवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण माझ्या भाच्याच्या बाबतीत हेच झालं.

मी लॅबमध्ये रक्त गोठण्याच्याच चाचण्या करते. भाच्याचंही दातामुळेच रक्त थांबेना. अंगात ताप, त्यात सुई बघून हातपाय झाडत रडणं. एपीटीटी नॉर्मल. मी हट्टाने फॅक्टर आठ करायला लावला, तो ४८ टक्के. साधारण ५० ते १५० नॉर्मल धरतात, म्हणून डॉक्टर म्हणाले, "किंचित कमी आहे, सोडून द्या." अहो, ताप, सूज, रडारड यांत फॅक्टर आठ चढतो! पोर पूर्ण बरं झाल्यावर, शांत बसवून पुन्हा रक्त घेतलं तर २७ टक्के. ५ ते ४० म्हणजे सौम्य हिमोफिलिया ए, फॅक्टर आठ कमी असल्याने रक्त नीट न गोठण्याचा आजार. एवढ्या पातळीला चाचणीची काही रिएजंट (रसायनं) वापरली तर एपीटीटी खुशाल नॉर्मल येतं.

रक्त कसं घेतात तेही बघा. निळ्या टोपणाची, सायट्रेटची (रक्त गोठू न देणाऱ्या द्रावणाची) ट्यूब खुणेपर्यंत भरलीच पाहिजे, ९ भाग रक्ताला १ भाग सायट्रेट. कमी भरली किंवा रक्त फ्रिजमध्ये ठेवलं तर फॅक्टर उगाच कमी दिसतो. ४ तासांत चाचणी होणार नसेल तर प्लाझ्मा (रक्तातला पेशींशिवायचा द्रव) वेगळा करून फ्रीझरमध्ये गोठवायचा.

दादा मात्र "आमच्या घराण्यात असलं काही नाही" हेच धरून बसला. फॅक्टर आठचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलग्याला एक्स मिळतं आईकडून. बापाच्या घराण्याचा इथे संबंधच नाही! आईच्या माहेरी कुणाला नसलं तरी जनुकात नव्याने बदल होऊन हा आजार होतो. वहिनीला पाळीत अतोनात रक्तस्राव व्हायचा, तेव्हाच तिचा फॅक्टर बघायला हवा होता. वाहक बाईचाही (जिच्या एका एक्सवर हा दोष असतो तिचा) फॅक्टर कमी असू शकतो. तुमच्या घरीही मुलाच्या आईची चाचणी करा, पुढचं मूल राहण्याआधी, कारण गरोदरपणात हा आकडा वाढतो.

आणि हो, फॅक्टर आठ फॉन विलेब्रँड या रक्तस्रावाच्या दुसऱ्या आजारातही कमी येतो, तीही चाचणी सोबत करा. काही सौम्य रुग्णांत वन-स्टेज नॉर्मल आणि क्रोमोजेनिक कमी येते, म्हणून शक्य असेल तर दोन्ही. निदान होईपर्यंत ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन देऊ नका, आणि पुढचा दात रक्तविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काढू नका.