पेव्हर ब्लॉक बसवताय? आधी खालची माती बघा

ब्लॉकचा रंग नंतर निवडा हो, आधी खणून बघा. नाशिकात गोदाकाठची काळी माती लागली तर ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे ब्लॉक हलवते. 9-10 इंच काढाच. मग मुरूम-खडी 6 इंच, पण 3-3 इंचांच्या दोन थरांत. प्रत्येकावर पाणी शिंपडून कॉम्पॅक्टर (थर दाबून घट्ट करायचं मशीन) फिरवा. टाच रुततेय तोवर पुढचा थर नको. सगळी भर एकदम ओतून वरवर धुम्मस मारणं, ही नवख्यांची नेहमीची चूक. वर बारीक कच (दगडाचा चुरा) इंचभरच. खड्डे कच टाकून बुजवलेत तर पहिल्याच पावसात खचतील. उतार मुरमालाच द्या, घरापासून बाहेर, मीटरला दीड-दोन सेंटीमीटर. कडेला काँक्रीटची कड हवीच. मशीन भाड्याने मिळतं, जमेल तुम्हाला. डिझाइनचं नंतर बोलू.