फोन एकाच्याच खिशात नको

अरे, काल मीटिंग झाल्यावर तू विचारलंस ना की आपल्या हिमोफिलियावाल्यांच्या युथ ग्रुपचं काम घेऊ का नको, तेव्हा मी नुसतं "घे की" म्हणून विषय उडवला. घरी आल्यावर वाटलं हे काय बरोबर केलं नाही. गुडघा सुजलाय, फॅक्टर (आपल्या रक्तात कमी पडणारं, रक्त गोठवणारं प्रथिन) टोचून घेऊन बर्फ लावून बसलोय, वेळच वेळ आहे, म्हणून लिहितो.

स्टेजवरचं काम वर्षातून एकदा, १७ एप्रिलला, जागतिक हिमोफिलिया दिनाला. बाकी सगळं फोनवर. रात्री अकराला कुठल्यातरी गावातून आई फोन करते, पोरगं पडलंय, डोकं आपटलंय, पण आता खेळतंय, सकाळी आणू का? तिथं धीर देत बसायचं नाही. आत्ता निघा म्हणायचं, आणि कॅज्युअल्टीत सांगायचं की फॅक्टर आधी, सीटी स्कॅन नंतर. ड्युटीवरच्या डॉक्टरने हिमोफिलियाचा पेशंट कधी बघितलेला नसतो बऱ्याचदा, त्याच्याशी वाद घालू नकोस, आपल्या हेमॅटॉलॉजिस्टचं, म्हणजे रक्ताच्या डॉक्टरचं, पत्र फाईलच्या पहिल्या पानावर लावायला प्रत्येक घराला सांग, कागद बघितला की माणूस ऐकतो. गावाकडे कमरेत इंजेक्शन ठोकतात ते नको, आणि मेडिकलमधून अंगदुखीची गोळी आणताना अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको, हे तर तुला झोपेतही सांगता यायला हवं. डोस मात्र कधीच सांगायचा नाही. किलोमागे एक युनिट दिलं की फॅक्टर आठ (हिमोफिलिया ए मध्ये कमी असतं ते) दोन टक्के वाढतं हे मलाही पाठ आहे, तरी नाही. ते डॉक्टरचं काम.

आता माझी चूक सांगतो, फार कुणाला सांगितली नाही. बरीच वर्षं सगळे नंबर माझ्या एका डायरीत होते. कुठल्या हॉस्पिटलला स्टॉक आहे, स्टोअरला कुणाला फोन लावायचा, कुणाला इन्हिबिटर आहे, म्हणजे कुणाचं शरीर टोचलेलं फॅक्टर निकामी करतं, सगळं माझ्याकडे, आणि खरं सांगू का, मला ते आवडायचं, लोक म्हणायचे यांच्याशिवाय पान हलत नाही. मग माझ्याच मांडीत मोठं ब्लीड झालं, तीन आठवडे अ‍ॅडमिट, फोन बंद. त्या दिवसांत एका चौदा वर्षाच्या पोराचा गुडघा रक्ताने भरला, घरच्यांनी मला फोन करकरून सोडून दिला आणि गावातच शेकत बसले. शेकत! फॅक्टर मिळालं ते सहाव्या दिवशी. तो गुडघा परत पूर्ण सरळ झाला नाही. पोरगा आता मोठा झालाय, भेटला की हसून बोलतो, मलाच त्याच्या पायाकडे बघवत नाही.

म्हणून तू काम घेणार असशील तर पहिल्याच दिवशी अजून दोघांना सोबत घे, आणि त्यातली एक बाई असू दे. आपल्याकडे मीटिंगला बाप बोलतात आणि इंजेक्शन आया देतात. त्यात हा आजार बहुतेक वेळा आईकडून मुलाला येतो, म्हणून आईने सासरी "तुझ्याकडूनच आलं" ऐकून घेतलेलं असतं. त्या आईला सांग की साधारण तीनातल्या एका केसमध्ये घराण्यात आधी कुणालाच नसतं, जीनमध्ये नव्यानेच बदल झालेला असतो. आणि ज्यांच्याकडून आलंय त्यांचाही काय गुन्हा आहे त्यात? बहिणींचं पण विचारत जा, पाळी दहा-दहा दिवस जाते आणि "होतं असं" म्हणून सोडून देतात, कॅरियर, म्हणजे आजाराचा जीन असलेल्या, मुलींचंही फॅक्टर कमी असू शकतं, कधी व्हॉन विलेब्रँड हा रक्तस्रावाचा दुसरा आजार निघतो. हे तू विचारलंस तर मुलगी लाजेल, म्हणून सोबत ती बाई हवी.

तू म्हणालास मी डॉक्टर नाही, माझं कोण ऐकणार. अरे १९६३ मध्ये वर्ल्ड फेडरेशन ऑफ हिमोफिलिया काढणारा फ्रँक श्नाबेल माँट्रियलचा बिझनेसमन, स्वतः पेशंट. १९८७ ला गेला तो, दूषित रक्तातून एचआयव्ही होऊन. आपली भारताची हिमोफिलिया फेडरेशन १९८३ मध्ये दिल्लीत अशोक बहादूर वर्मांनी सुरू केली, तेही आपल्यातलेच. कुणाच्या गळ्यात स्टेथोस्कोप नव्हता.

कायद्याचं थोडं वाचून ठेव. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात हिमोफिलिया आला, चाळीस टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट असेल तर कॉलेजच्या अ‍ॅडमिशनला आरक्षण मिळतं, पण सरकारी नोकरीच्या चार टक्के आरक्षणात रक्ताचे आजार घेतलेले नाहीत. पोरांना खोटी आशा लावू नकोस, आधी नीट सांग, मग चिडायचं तर सगळे मिळून चिडू.

अजून एक. काही पोरांना आता एमिसिझुमॅब मिळतं, ब्लीड होऊच नये म्हणूनचं औषध, कातडीखाली टोचायचं, आठवड्याने, पंधरवड्याने नाहीतर महिन्याने. ती मीटिंगला येत नाहीत, दुखतच नाही तर येतील कशाला, राग धरू नकोस, आम्हाला हेच तर हवं होतं. फक्त अपघात झाला, ऑपरेशन निघालं तर त्यांनाही फॅक्टर लागू शकतं, म्हणून नंबर त्यांच्याकडेही पाहिजे. आणि हिमोफिलिया बी वाल्यांना, ज्यांचं फॅक्टर नऊ कमी असतं, ते औषध चालत नाही, त्यांना विसरू नका, मीटिंगमध्ये सगळे फॅक्टर आठचंच बोलतात आणि ती दोन-चार घरं मागच्या खुर्च्यांवर गप्प बसलेली असतात.

रविवारी ये. डायरी देतो, पण घरी नेऊन ठेवायला नाही, तिघांनी इथंच बसून उतरवून घ्या, माझं अक्षर लागलं नाही तर मी आहेच. येताना बर्फाची पिशवी आण, माझी फुटलीये.