रानात एकटं राहायचंय? आधी मे महिना बघ

श्रावणात नाशिक जिल्ह्यातले हरसूल-पेठचे डोंगर बघून नोकरी सोडावीशी वाटणारच. पण जागा बघायला मे महिन्यात जा. त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, इगतपुरी हे पावसाचे तालुके, तरी होळीनंतर कित्येक पाड्यांवर बायका हंडे घेऊन झऱ्यापाशी बसलेल्या दिसतात. उतार तीव्र, खाली काळा पाषाण. पाणी मुरत नाही, वाहून जातं. मे अखेरीस जिवंत झरा सापडला, तरच पुढचं बोलू.

राखीव जंगलात झोपडी टाकायचा विचार सोड. १९२७ च्या वन कायद्याने तो गुन्हा आहे. आदिवासींची जमीन सरकारी परवानगीशिवाय घेता येत नाही, आणि शेतकरी नसशील तर शेतजमीनही सहसा नाहीच. म्हणजे पाड्यावर कुणाची तरी खोली भाड्याने घेणं, हाच खरा मार्ग. (एकांत गेला म्हणशील. जाऊ दे!)

बिबट्याची धास्ती सगळ्यांना असते, मला मण्यार या विषारी सापाची जास्त. रात्री चावते, फारसं दुखत नाही, झोपेत कळतही नाही. जमिनीवर झोपू नकोस, मच्छरदाणी गादीखाली नीट खोच. चावलीच, तर भगताकडे झाडफुकीत वेळ घालवू नकोस. रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन कुठल्या टेकाडावरून लागतो, ते पहिल्याच दिवशी विचारून ठेव.