शेवटच्या बाकावरची ओळ

प्रिय मावशी,

माझी मुलगी नववीत आहे. यंदा जूनपासून तिच्या शाळेत दर शनिवारी ‘आनंदतास’ असतो. सकारात्मक मानसशास्त्र, मनाचं आरोग्य असं बरंच काही शिकवतात. रोज रात्री कृतज्ञता वहीत तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या, शनिवारी मॅडम वही तपासतात आणि स्टार देतात. माझी मुलगी रोज तेच ते लिहिते : आई-बाबा आहेत, शाळा आहे, पाणी मिळतं. सुरुवातीला जरा वेगळं असायचं. एकदा ‘आज शेवटच्या बाकावर बसायला मिळालं’ असं लिहिलं होतं, तेव्हा मी मॅडमना सांगून तिला पुढे बसवून घेतलं. अभ्यास, जेवण, झोप सगळं ठीक आहे. पण पालकसभेत मॅडम म्हणाल्या, ती मोकळी होत नाही, उपक्रमात मनापासून भाग घेत नाही. आम्ही तिला कशाची कमी पडू दिलेली नाही. तिच्यात कृतज्ञता कशी रुजवू? समुपदेशकाकडे न्यावं का?

– एक आई, सातारा जिल्हा

अगं बाई, कृतज्ञता राहू दे बाजूला. आधी त्या बाकाचं बोलू.

तुझ्या अख्ख्या पत्रात तेवढं एकच वाक्य जिवंत आहे, आणि तू ते जाता जाता चिमूटभर मीठ टाकावं तसं टाकलंयस. पोरीनं ‘बसले’ लिहिलेलं नाही. ‘बसायला मिळालं’ लिहिलंय. ‘मिळालं’ आपण कधी म्हणतो? एसटीत खिडकी मिळाली, डब्यातला शेवटचा लाडू मिळाला. मनात होतं आणि हाती लागलं, तेव्हा. तुला कृतज्ञता हवी होती ना? मग ती आणखी कशी दिसते? पाच शब्दांत, तिच्या अक्षरात, तुझ्यासमोर होती. त्याचं बक्षीस म्हणून तिला काय मिळालं, तर पहिला बाक आणि नाकात खडूची भुकटी.

आणि मग सुरू झालं आई-बाबा, शाळा, पाणी.

मला यात काहीच कोडं दिसत नाही. वहीत लिहिलेलं कुठं जातं ते तिला कळलं. कुणीही वाचलं तरी कुणाचं काही बिघडणार नाही, शिवाय शनिवारी स्टार पक्का, अशा तीन ओळी तिनं शोधून काढल्या. पोरगी हुशार आहे. मोकळी होत नाही म्हणे! झाली होती की. एकदा झाली होती.

मॅडम वही तपासतात हे तू लिहिलंस. तू कधी वाचतेस, ते मात्र लिहिलं नाहीस. दप्तर आवरताना? ती अंघोळीला गेल्यावर? मॅडमनीही ती ओळ वाचलीच असणार, पण त्यांनी तिला बाकावरून उठवलं नव्हतं. उठवलं ते तुझ्या सांगण्यावरून.

तुझ्यावर चिडतेय खरी, पण यात माझाही जुना हिशेब आहे. मी चौदा वर्षांची असताना आईनं माझी रोजनिशी वाचली आणि त्यातलं एक वाक्य मावशीसमोर बोलून दाखवलं, हसत हसत. त्या दिवसापासून मी दोन रोजनिशा लिहायला लागले. एक उशीखाली, आईला सापडावी म्हणून. तिच्यात ‘आज भूमितीचा सराव केला’ वगैरे. दुसरी माळ्यावर, दिवाळीच्या भांड्यांच्या पोत्यात. आई पुढे कितीतरी वर्षं उशीखालची वाचत राहिली आणि आपली मुलगी आपल्यापासून काही लपवत नाही, असं चार बायकांत सांगत राहिली.

आता तुझ्या शाळेच्या उपक्रमाबद्दल. तीन चांगल्या गोष्टी लिहिण्याचा हा सराव अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून पाहिला, ते निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी तो दिला होता मोठ्या माणसांना, जी एका संकेतस्थळावर स्वतःहून आली होती. सांगितलं होतं, आठवडाभर रोज रात्री लिहा. आठवडाभर, वर्षभर नाही. फायदा जास्त कुणाला झाला? ज्यांनी आठवडा संपल्यावरही आपल्या मनानं लिहिणं चालू ठेवलं, त्यांना. तुझ्या घरात काय चाललंय बघ. लिही म्हणून सांगणार मॅडम, वाचणार आई, वर लाल शाईत स्टार. यात ‘आपल्या मनानं’ कुठं बसवायचं?

आणखी एक गोष्ट शाळेतून येता येता बहुधा गळून पडली. त्या सरावात नुसती गोष्ट लिहायची नसते, ती का घडली तेही लिहायचं असतं. ‘शेवटच्या बाकावर बसायला मिळालं, कारण...’ त्या ‘कारण’च्या पुढं काय होतं, हे तू विचारलंच नाहीस. वारा लागतो म्हणून? नवी मैत्रीण झाली म्हणून? मागून सगळा वर्ग दिसतो आणि आपल्याकडं कुणी बघत नाही म्हणून? मला माहीत नाही. तुलाही नाही. शेवटचा बाक म्हणजे टवाळकी, एवढं एक गृहीत धरून तू थेट मॅडमना गाठलंस.

दिल्लीच्या सरकारी शाळांत २०१८ साली नर्सरी ते आठवीसाठी आनंदाचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याला लेखी परीक्षा ठेवली नव्हती. एवढं तरी उचलण्यासारखं आहे. आनंदावर स्टार द्यायला लागलं की पोरं स्टारपुरता आनंद लिहितात. पण शाळेचं शाळा बघेल. मॅडमना चाळीस वह्या तपासायच्या असतात, तुला एकच वही न वाचायची आहे.

तू म्हणशील, मावशी, दिवस वाईट आहेत, वहीत काही भलतंसलतं लिहिलेलं असलं तर? अगं, भलतंसलतं असेल तर ते स्टारच्या वहीत कशाला लिहील ती? ते ताटात दिसतं, झोपेत दिसतं, मैत्रिणींचे फोन बंद होण्यात दिसतं. तसं काही दिसलं तर माझ्या उत्तराची वाट न बघता समुपदेशकाकडं जा. पण तूच लिहिलंयस, सगळं ठीक आहे. रोज पाणी मिळाल्याबद्दल आभार मानते म्हणून पोरीला समुपदेशकाकडं नेणार? काय सांगशील तिथं?

तेव्हा एवढंच कर, आणि आज रात्रीच कर. उद्यावर टाकलंस तर तुला चांगलं कारण सापडेल.

तिला सांग, “मी तुझी वही वाचत होते. तू बाकाबद्दल लिहिलंस, ते वाचून मी मॅडमशी बोलले. तुला न विचारता. चुकलं माझं. आता वाचणार नाही.” इथंच थांब. ‘तुझ्या भल्यासाठीच’ हे शब्द आले तर जीभ चाव. ‘पण तूही’ अशी सुरुवात झाली तर उठून पाणी पी. शेवटच्या बाकावर काय होतं, हे तर विचारूच नकोस. ते विचारायची वेळ जूनमध्ये होती.

मग तिच्यासमोरच मॅडमना चिठ्ठी लिही : मुलीला पुढे बसवण्याची विनंती मी मागे घेते, तिच्या जागेचं तुम्ही आणि ती ठरवा. चिठ्ठी तिच्या हातात दे. ती शाळेत देईल किंवा कंपासपेटीत ठेवून देईल, तिची मर्जी. कदाचित पहिला बाक एव्हाना तिला आवडायलाही लागला असेल, पोरांचं काय सांगावं.

ती विचारेल, “कधीपासून वाचतेस?” तेव्हा महिना खरा सांग.

आणि ताटावरून उठून, दार आपटून आत गेली, तर जाऊ दे. मागं जाऊ नकोस. पोळ्या झाकून ठेव, आमटी पुन्हा गरम करता येते.