नाशिकच्या उन्हाळ्यात मेडिकलमधून घेतलेलं इन्सुलिन चांगलं आहे हे कसं ओळखायचं?

नुसतं बघून बहुतेक वेळा ओळखता येत नाही. रेग्युलर इन्सुलिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, ते गढूळ दिसलं तर घेऊ नका. ३०/७० हे मिश्र इन्सुलिन दुधाळच असतं. हातात हलके फिरवूनही गुठळ्या राहिल्या किंवा काचेला पांढरे कण चिकटले असतील तर परत करा. पण उष्णतेने ताकद गेलेलं इन्सुलिन दिसायला ताज्यासारखंच असू शकतं. म्हणून बाटलीपेक्षा दुकानाचा फ्रिज बघा.

"फ्रिज आहे ना, मग झालं" हे वाक्य या धंद्यात इतक्या वेळा ऐकू येतं की चीड येते. सिडकोतल्या एका मेडिकलमध्ये फ्रिज नवाकोरा होता, दुपारी बघावं तेव्हा ४-५ अंश दाखवायचा. फक्त सकाळी त्याच्याखाली पाणी साचलेलं असायचं. तिथल्या फार्मासिस्ट ताईंनी किमान-कमाल तापमान लक्षात ठेवणारा डिजिटल थर्मामीटर आणला, त्याची प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाचा सेन्सर, पाण्याच्या छोट्या बाटलीत बुडवून मधल्या कप्प्यात ठेवली. पाण्यात अशासाठी, की दार उघडताक्षणी आकडा उड्या मारू नये. सकाळी कमाल आकडा निघाला १९. दुसऱ्या दिवशीही तोच प्रकार. रात्री शटर ओढताना मालक शॉर्टसर्किटच्या भीतीने मेन स्विच पाडायचे! रात्रभर फ्रिज बंद, बर्फ वितळून खाली पाणी, आणि दुपारपर्यंत पुन्हा ५ अंश. दुपारी कोणी तपासायला आलं असतं तर सगळं नियमात दिसलं असतं. इलेक्ट्रिशियनने फ्रिजची लाइन वेगळ्या एमसीबीवर (मेन बोर्डातल्या स्वतंत्र स्विचवर) घेतली, बटणावर टेप लावला, ताईंनी आधीचा माल विक्रीतून काढला. एका रात्रीत इन्सुलिन वाया जात नाही, पण एक्सपायरीची तारीख २ ते ८ अंश धरून छापलेली असते. रोज रात्री असं झालं तर त्या तारखेवर भरवसा ठेवता येत नाही.

गोठणं त्याहून वाईट. सिंगल डोअर फ्रिजमध्ये फ्रीझरच्या लगेच खालचा ट्रे शून्याखाली जाऊ शकतो. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळून नीट दिसलं तरी फेकायचंच. गोळे कॉलनीच्या घाऊक औषध बाजारातून दुचाकीवर माल येतो तेव्हाही हेच. फ्रीझरमधून काढलेला जेल पॅक थेट खोक्याला टेकवला तर थर्माकोलच्या डब्यातच माल गोठू शकतो, मध्ये पुठ्ठा हवा. डबा आला की आधी इन्सुलिन फ्रिजमध्ये, बिल-बॅच नंतर जुळवायचे.

दुकानात तुम्ही एवढंच विचारा: थर्मामीटर कुठे आहे, सकाळ-संध्याकाळच्या नोंदीची वही दाखवता का, रात्री फ्रिज चालू असतो का, वीज गेली तर इन्व्हर्टर आहे का. फ्रिजच्या दारात इन्सुलिन आणि खाली दुधाच्या पिशव्या दिसल्या तर दुकान बदला. "थर्मामीटरने गिऱ्हाईक वाढतं का?" म्हणणारे मालक बहुधा तेच, ज्यांच्या भिंतीवर फार्मासिस्टचं सर्टिफिकेट असतं आणि काउंटरवर फार्मासिस्ट नसतो. फार्मसी कायदा, १९४८ च्या कलम ४२ प्रमाणे औषध देणं हे नोंदणीकृत फार्मासिस्टचं काम आहे. सर्टिफिकेट भाड्याने देणारेही तितकेच दोषी आहेत, मग ते आमच्यासोबत फार्मसी शिकलेले का असेनात. अशा दुकानाची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.

आता राहिलेलं. वापरायला काढलेली बाटली किंवा पेन साधारण ३० अंशांच्या आत चार आठवडे चालतं. ब्रँडनुसार मुदत बदलते, आतला कागद वाचा. दुकानातून घरी नेताना अर्धा तास लागला तर घाबरू नका, फक्त गाडीच्या डिकीत ठेवू नका. एका मिलीत ४० युनिट असलेल्या बाटलीला लाल टोपणाचीच सिरिंज घ्या. नारिंगी टोपणाच्या १०० च्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं तर पोटात ८ युनिटच जातात आणि दोष विनाकारण इन्सुलिनला लागतो. आणि नुसत्या शंकेवरून डोस बंद करू नका किंवा मनाने वाढवू नका. नवीन बाटली सुरू करा, साखर तपासा, डॉक्टरांना फोन करा.