बहादूरशाह जफर यांचा खाटेवरचा तो फोटो खरा आहे की चित्र?

खराच आहे. दिल्लीत मे 1858 मध्ये रॉबर्ट टायटलर आणि चार्ल्स शेफर्ड यांनी तो काढला. तेव्हा खटला संपून निकाल लागला होता आणि बादशहा इंग्रजांच्या कैदेत होते.

जरा मोठा करून बघा. ऐंशी ओलांडलेला, हाडं वर आलेला म्हातारा, पांढरी दाढी, हातात हुक्क्याची नळी आणि नजर थेट कॅमेऱ्यात. दरबारी चित्रकाराने ते खोल गेलेले डोळे असे कधी रंगवले नसते. तेव्हा फोटोसाठी काही सेकंद निश्चल राहावं लागे; त्या देहाला तेही जड गेलं असेल, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

ऑक्टोबरमध्ये त्यांना दिल्लीबाहेर काढलं. 1862 मध्ये रंगूनला त्यांचं निधन झालं.